कोपीच्या दाराची उंची

तुम्ही हा अंक उघडाल तेव्हा माझ्या गावातल्या बहुतेक घरांना कुलूप लागलेलं असेल, किंवा लागायच्या बेतात असेल. ‘निम्म्याहून अधिक’ असं लिहिणार होतो, पण मी दारं मोजलेली नाहीत, म्हणून ‘बहुतेक’. गाव पाथर्डी तालुक्यात, डोंगराला लागून. दिवाळी झाली की ट्रॅक्टर येतात. भांडी, अंथरुणं, कोंबड्या आणि लहान पोरं ट्रॉलीत चढतात आणि माणसं ऊस तोडायला निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. तोवर मुक्काम शेताकडेला कोपीत, म्हणजे बांबू, चटया आणि पाचटाच्या, उसाच्या वाळल्या पाल्याच्या, झोपडीत. मी आर्किटेक्ट आहे. अर्धं वर्ष बंद राहणारी घरं आखणं हा माझ्या कामाचा एक भाग आहे आणि तो मला कुठल्याही कॉलेजात शिकवला गेला नाही. माझे आईवडीलही कोयता घेऊन जात आणि त्यांच्याबरोबर मीही जात असे, म्हणून तो येतो.

गावात मला ‘इंजिनेर’ म्हणतात. पंचवीसेक वर्षं मी ‘आर्किटेक्ट’ अशी त्यांची दुरुस्ती करत आलो, आता सोडली. लोकांच्या मते माझं काम नकाशा काढून देणं, म्हणजे ग्रामपंचायतीत किंवा बँकेत दाखवायचा एक कागद. घर बांधतो तो गवंडी. हे पूर्ण खोटं नाही. पण गवंडी भिंत कशी उभी करायची ते जाणतो, आणि ती कुठं उभी करू नये हे सांगणं माझ्याकडे येतं. बंद राहणाऱ्या घराचंच घ्या. खिडकीला काच कमी आणि लाकडी झडप जास्त, कारण वानरांनी काच फोडली तर बदलायला घरात कुणी नसतं. उंबरा नेहमीपेक्षा तीन इंच उंच, उंदीर आणि विंचू अडावेत म्हणून. धान्याच्या कोठीला बाहेरच्या भिंतीची ओल लागू नये. अशा गोष्टी.

माझं ऑफिस नगरला आहे. पाटीवर आता अहिल्यानगर लिहून घेतलं, तोंडात मात्र नगरच येतं. आठवडाभर मी शहरातली कामं करतो आणि शनिवार गावाकडच्यांसाठी ठेवतो. गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. शिर्डीचे एक लॉजवाले दर भेटीला विचारत, “साहेब, जिन्याखाली एक खोली बसंल का?” शेवटी मी जिन्याखालची उंची मोजून दाखवली आणि म्हणालो, बसेल, भाविक मात्र बसूनच राहतील, उभे राहता येणार नाही. त्यांनी यावरही विचार केला. घोडेगावच्या बाजाराला म्हशी नेणारे एक व्यापारी होते, त्यांना झोपायच्या खोलीची खिडकी गोठ्याकडे हवी होती. बायको म्हणाली, “मंग माझं अंथरून दुसऱ्या खोलीत टाका.” मी दोन खोल्या दिल्या, मध्ये दार ठेवलं. दोघंही खूश आहेत असं ऐकतो.

पण लिहायचं आहे ते रावसाहेबतात्यांच्या घराबद्दल आणि त्यांच्या मुलीबद्दल, अश्विनीबद्दल. तात्या माझ्या भावकीतले, वयानं थोडे मोठे. ते आणि कांतावहिनी लग्नापासून ऊस तोडतात. जुनं घर पत्र्याचं होतं. तीन पोरींतल्या दोघींची लग्नं उरकल्यावर त्यांनी पक्कं घर काढायचं ठरवलं.

गावच्या लोकांना कागदावरचा नकाशा कळत नाही, असं आमच्या धंद्यात सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. शहरातल्या लोकांनाही कळत नाही, ते फक्त मान हलवतात. म्हणून मी एक पद्धत ठेवली आहे. बांधकामाआधी रिकाम्या जागेवर फक्की मारून, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या भुकटीनं, पूर्ण मापाचं घर जमिनीवर आखायचं. भिंतीच्या जागी दोन रेघा, दाराच्या जागी मोकळं. मग घरच्यांना सांगायचं, चला, राहून बघा.

तात्यांचं जुनं घर अजून उभं होतं, म्हणून शेजारच्या पडीत आखणी केली. ऊसतोडीची टोळी निघायला थोडेच दिवस होते. भावकीतले सगळे बघायला आले. तात्या थेट बैठकीच्या खोलीत जाऊन उकिडवे बसले आणि त्यांनी तंबाखू मळायला घेतली. कांतावहिनी स्वयंपाकघरातून निघाल्या आणि भिंतीतून आरपार बाहेर आल्या.

“वहिनी, भिंतीतून आलात.”

“दिसत न्हाई ती भिंत कशी थांबवील मला, भावजी?” त्या म्हणाल्या. सगळे हसले. सगळेच भिंतीतून ये-जा करत होते. नेहमी असंच होतं.

अश्विनी मात्र दरवेळी वळसा घालून दारातून येत होती. तेव्हा ती बारावीला होती. आठवीपर्यंत ती आईवडिलांबरोबर जायची, नंतर शाळेसाठी मावशीकडे मागं राहायला लागली. ती स्वयंपाकघरात जाऊन चुलीच्या जागेसमोर बसली, उठली, पुन्हा बसली.

“काका, हितं बसल्यावर आईला रस्ता न्हाई दिसत.”

“तिकडं पश्चिम आहे. खिडकी तिथं काढली तर दुपारचं ऊन भाकरीवर येईल.”

“मग पुढं ओसरी वाढवा.”

“मग स्लॅब वाढेल, खर्चही.”

“मग जिना काढून टाका. वर खोली न्हाई तर जिना कुठं चाललाय?”

तात्यांनी तंबाखूचा हात थांबवला. “जिना ऱ्हाऊदे गं. उद्या वर बांधू की.”

“उद्या बांधाल तवा बांधा, आज आईला रस्ता दिसूद्या.”

वर काहीही नसलेला जिना आमच्या तालुक्यात घरोघरी आहे. कबूतरं बसतात आणि मिरच्या वाळतात. तिनं पायानं फक्की पुसली आणि जिना आडवा करून बाहेरून घेतला. जमलेलं नव्हतं, पायऱ्या थेट गोठ्याच्या दारात उतरत होत्या. मी ते दाखवलं, तेव्हा ती चिडली नाही. कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि मग तिनं गोठ्याचं दार हलवलं. आता ते जमलं.

त्या दिवशी ‘तू आर्किटेक्ट हो’ असं मी तिला बोललो नाही. बोलायला हवं होतं हे मला गाडीत बसताच कळलं, आणि न बोलण्याचं कारणही माहीत होतं. कारण म्हणजे संतोष.

संतोष आमच्याच गावचा. दहा-बारा वर्षांपूर्वी मी शाळेत जाऊन आर्किटेक्ट होण्याबद्दल मुलांशी बोलायला लागलो, त्यातून आर्किटेक्चरला गेलेला तो पहिला. हात फार चांगला. दुसरं वर्ष संपताना तो परत आला आणि पुन्हा गेला नाही. आता जेसीबी चालवतो. त्याचे वडील माझ्याशी बोलत नाहीत. संतोष बोलतो, पण ‘काका’ म्हणायचा तो ‘साहेब’ म्हणायला लागला. त्याच्यानंतरही मी शाळांत जातो. दोन मुली आणि एक मुलगा शिकून बाहेर पडले, कामाला लागले. तरी एखाद्या पोराकडे वळून ‘तू ये’ असं म्हणायचं मी सोडलं होतं. माहिती सांगायची, पत्ता द्यायचा, थांबायचं.

माझी बायको सुनंदा म्हणाली, “संतोषनं अर्ध्यात सोडलं म्हणून हिनं सुरूच करायचं नाही, हा कुठला हिशेब?”

मी म्हणालो, “हिशेब नाही, भीती आहे.”

“मग भीती तिला सांगा. ठरवू द्या तिला.”

मला सांगावं लागलं नाही. टोळी गेल्यावर एका शनिवारी अश्विनीच एसटीनं ऑफिसात आली. आर्किटेक्ट व्हायला काय लागतं, म्हणाली. मी सगळं सांगितलं, वाईट आधी. पाच वर्षं. प्रवेशाची वेगळी परीक्षा. काड्या-पुठ्ठ्यांची मॉडेलं, ती करताना बोटं कापतात. वर्गातल्या मुलांची भाषा वेगळी, त्यांच्या सुट्ट्याही वेगळ्या. एवढं करून बाहेर पडल्यावर गावाकडे लोक म्हणणार, नकाशा काढून दे.

“आणि चांगलं काय?” तिनं विचारलं.

मी मांडलेले कागद आवरत होतो. शेवटी म्हणालो, “तू दार जिथं ठेवतेस, माणसं आयुष्यभर तिथूनच आत येतात.”

“बास की,” ती म्हणाली.

उन्हाळ्यात टोळी परतली. तोवर तिनं प्रवेशपरीक्षा दिली होती आणि निकाल चांगला होता. तात्यांशी बोलायला मी गेलो. जुनं घर पाडून झालं होतं, पत्रे एका बाजूला रचलेले. तात्या त्या पत्र्यांवरच बसले होते.

“सुभाष, पोरीला धाडतो मी. पन मधीच माघारी आली तर? संतोषवानी? लोकं म्हनतील, हिच्यापरीस न शिकलेली बरी. सोयरीक जुळायची न्हाई तिची. ना हिकडची ना तिकडची. तू हमी घेतो का?”

“नाही, तात्या.”

“मंग कशाला आलाय?”

“हमी नाही, हे सांगायला.”

ते पत्र्यांवरून उठले. मग म्हणाले, “लई वाईट वकील तू.” पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

पाया खणायला संतोषचाच जेसीबी आला. गावात दुसरा नव्हता. मी कोपऱ्यांच्या खुंट्या तपासत होतो, तेव्हा त्यानं मशीन बंद केलं आणि अश्विनीनं आणलेलं पाणी प्यायला. मी खड्ड्याच्या पलीकडे होतो. त्यानं मला पाहिलं होतं आणि मी ऐकावं असंच तो बोलला.

“चाललीस व्हय? मंग एक आईक. पयल्या सत्रात एक काम देतेत. ज्या घरात तुमी वाढला ते मोजून, काढून आना. दरसाल देतेत. पोरं येतेत, आमचं हॉल, आमचं बेडरूम, आमची बाल्कनी. माझं घर कोंचं? सहा महिनं कोपी, सहा महिनं पत्रा. मी दोस्ताचा फ्लॅट मोजला आन् दिला काढून. सरांनी भितीवर लावला. चांगला म्हनले.”

“मग?”

“मग काय. भितीवर माझं नाव आन् घर त्याचं. रोज बघायचो. एका कागदानं कोन कॉलेज सोडत न्हाई. पन सुरवात तितनं झाली. नंतर जे काढलं ते समदं दुसऱ्याचंच वाटायचं.”

त्यानं तांब्या परत दिला आणि मशीन चालू केलं. मला हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. आम्हाला पहिल्या वर्षी परदेशी देवळांचे खांब काढायला लावत. खांब सगळ्यांनाच सारखे परके होते, त्यामुळे माझी सुटका झाली असावी. खुंट्या तपासून झाल्या होत्या, तरी मी दोरी पुन्हा लावली.

घर पावसाळ्यात उभं राहिलं. चुलीजवळ बसलं की रस्ता दिसतो. जिना बाहेरून आहे आणि अजूनही कुठंच जात नाही. तात्यांपुढे कुणाचं चाललं नाही. अश्विनीला प्रवेश मिळाला, ती होस्टेलला गेली. त्या घरात ती जेमतेम काही आठवडे राहिली. दिवाळी झाली आणि तात्या-वहिनी नव्या घराला कुलूप लावून निघून गेले.

त्यानंतर तिचा फोन आला. “काका, ते काम दिलंय.”

कुठलं, हे विचारावं लागलं नाही. संतोषनं सांगितलं होतं तेच.

“मैत्रिणी म्हणतात, नवं घर काढ. आईला फोन केला तर तीही तेच म्हणते. पण त्या घरात मी वाढले कुठं? पत्र्याचं तर पाडलं. मला कोपी काढायचीय. सर म्हणाले चालेल, पण मोजून आण, आठवणीनं नको.”

“चल,” मी म्हणालो. इतकं सरळ मी फार दिवसांत कुणाला म्हणालो नव्हतो.

टोळी नेवाशाच्या पुढं, कालव्याच्या कडेला उतरली होती. आम्ही सकाळी निघालो. घोडेगावात जनावरांचा बाजार. म्हशींच्या टेम्पोंनी रस्ता अडवलेला. गाडी इंचाइंचानं सरकत होती. अश्विनी मांडीवरच्या मोजायच्या टेपचं टोक ओढायची आणि सोडायची. तो आवाज मला सहन होईना. तिच्या मनात काय होतं ते ठाऊक नाही. माझ्या मनात एवढंच होतं, की ही मोकळ्या हातानं परतली तर दुसऱ्याचं घर काढेल. मग पुढं काय होतं ते मी संतोषच्या वेळी एकदा पाहिलं होतं.

पोहोचलो तेव्हा शेत मोकळं होतं. ऊस संपला होता, टोळी पुढच्या गावाला निघत होती. कोप्या उतरवलेल्या. बांबू, चटया, ताडपत्र्या ट्रॉलीत भरल्या होत्या आणि कांतावहिनी कोंबड्यांच्या डालग्यावर दोरी आवळत होत्या.

अश्विनी हातात टेप घेऊन उभी राहिली.

“बरं झालं कोपी उतरली,” वहिनी म्हणाल्या. “भावजी, तुमी तरी सांगा हिला. सोन्यावानी घर बांधलं. ते सोडून ह्ये पाचट कागदावर काढून कॉलेजात लावायचं? लोकं काय म्हनतील, अशा हालात पोरगी वाढिवली.”

“आई, वाढवली की अशीच.”

“म्हनून समद्यांला दाखवायचं व्हय?”

अश्विनी कोपीच्या जागेवर गेली. कोपी गेली तरी जागा राहते, हे मलाही आठवलं. सारवलेली जमीन तशीच होती, चौकोनी, आजूबाजूच्या ढेकळांहून वेगळी. बांबू रोवल्याची भोकं होती. दाराबाहेर चुलीचे तीन दगड आणि राख. तिनं मला टेपचं एक टोक दिलं. लांबी नऊ फूट. रुंदी साडेसात. भोकांमधलं अंतर सारखं नव्हतं, तिनं प्रत्येक वेगळं लिहिलं. मग ओंजळीत राख घेतली आणि फक्की मारतात तशी भोकाभोकांतून रेघ ओढली. दाराच्या जागी मोकळं सोडलं. ते तिनं पाय पडून गुळगुळीत झालेल्या जमिनीवरून ओळखलं.

“उंची न्हाई कळत,” ती म्हणाली. “मधली तात्यांना विचारीन, बांबूवरून काढता येईल. पण दाराची?”

बांबू ट्रॉलीच्या तळाला होते, त्यावर सगळ्यांचा संसार. तात्या ड्रायव्हरशेजारून ओरडले, “कांते, चल. पुढच्या टोळीनं चांगली जागा धरली तर तुझ्या नावानं बोंब मारीन.”

“आले,” वहिनी म्हणाल्या, पण हलल्या नाहीत. राखेच्या रेघांकडे बघत होत्या. “त्वा पान्याचा हंडा कुठं दाखवनार?”

“ह्या कोपऱ्यात.”

“तितं न्हाई. तितं तू झोपायची, लहान असताना. हंडा तितं ठिवला असता तर रातभर भिजली असतीस. थांब.”

त्या चुलीच्या दगडांना वळसा घालून आल्या. माझं लक्ष त्यांच्या पायांकडे होतं, सवयीनं. गेल्या वर्षी याच बाई सहा इंची भिंतीतून हसत आरपार गेल्या होत्या. रेघेजवळ आल्या, दारासमोर थांबल्या. डावा हात गुडघ्यावर टेकवला, उजव्या हातानं पदर डोक्यावर दाबला, आणि ज्या दाराला वर काहीच नव्हतं त्याच्याखालून खाली वाकून आत शिरू लागल्या.

“आई, तशीच थांब.”

“काय थांबू? तुझा बाप हॉर्न वाजवाया लागलाय.”

“हलू नको.”

कांतावहिनी वाकलेल्या थांबल्या. अश्विनीनं टेपचं टोक माझ्या बुटाखाली दिलं, पट्टी आईच्या पदरापर्यंत वर ओढली, वर चार बोटं मोकळी सोडली आणि आकडा मोठ्यानं वाचला. मी तो वहीत लिहिला.

तीन फूट आठ इंच.